किलो आणि तास: जुन्या बसचं मोटरहोम करण्याच्या धंद्यातल्या दोन वह्या

सेवेतून काढलेली बस विकत घ्यायची, आतली आसनं उपसायची आणि तिथे पलंग, ओटा, न्हाणी, वीज-पाणी बसवून चालतंफिरतं घर उभं करायचं. स्वतःच्या हौसेसाठी हे करणारे जगभर आहेत. त्यातल्या एखाद्याची बस पाहून कुणीतरी म्हणतं, "मलाही अशीच करून द्या," आणि हौसेचा धंदा होतो. तिथून सगळं गणित बदलतं. स्वतःच्या बसमधला नळ गळला तर आपण पाना घेऊन खाली वाकतो. गिऱ्हाइकाच्या बसमधला नळ घरापासून हजार किलोमीटरवर, रात्री, मुलं झोपलेली असताना गळतो आणि फोन आपल्याला येतो.

या कामाचे जे फोटो दिसतात ते लाकडी ओट्याचे, खिडकीतल्या उजेडाचे असतात. ते काम सुंदर असतंच. पण माझ्या मते धंदा टिकतो की बुडतो हे दोन साध्या वह्यांवर ठरतं. एका वहीत किलो लिहायचे, दुसरीत तास. किलोंची वही बस रस्त्यावर नीट ठेवते, तासांची वही वर्कशॉप उघडं ठेवते. या दोन्ही गोष्टी कुणाच्या लक्षात न येता थोड्या थोड्या वाढत जातात, आणि वाढल्याचं कळतं तेव्हा बस रंगवून तयार असते.

बस निवडताना

बस पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ती सेवेतून का काढली, हा असावा. ताफ्याच्या नियमाप्रमाणे वय भरलं म्हणून काढलेली बस आणि दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून काढलेली बस, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. पहिलीच्या मागे बहुधा नियमित देखभालीचा कागद असतो. तो मागा. कागद नसेल तर तिला दुसरी समजूनच भाव करा.

बसला मारतो तो गंज. इंजिन दुरुस्त होतं, बदलता येतं. गंजलेला सांगाडा बदलायचा म्हणजे बसच नव्याने बांधायची. म्हणून जुनी पॅन्ट घालून बसखाली शिरायचं, चासीचे आडवे बीम, चाकांच्या वरचा पत्रा, पाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागा, पायऱ्यांचा खालचा भाग आणि खिडक्यांच्या खालची पट्टी, हे सगळं हातोडीने ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजेल तिथे पेचकस टेकवून दाबायचा. खालून नुकताच काळा थर मारलेला दिसला तर मला आनंद होत नाही, शंका येते. फरशीचं प्लायवूड एका कोपऱ्यात उचलून पाहू देत नसतील तर निघून यावं.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येऊन तो विरला तर ठीक. गरम झाल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि तो कित्येकदा फिल्टर किंवा टर्बोच्या कामाने जातो. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण सैल केल्यावर आतून जोराने वाफारा आला तर पिस्टन-रिंग थकल्या आहेत. हवेचे ब्रेक असतील तर टाक्या भरू द्या, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि शांतपणे ऐका. सू-सू आवाज कुठून येतो ते कळतं आणि हवेच्या दाबाचा काटा किती झपाट्याने उतरतो तेही दिसतं.

टायरची नक्षी खोल असली तरी टायर जुना असू शकतो. त्याच्या बाजूवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. उभ्या राहिलेल्या बसचे टायर न झिजताच म्हातारे होतात, आणि सहा टायर बदलण्याचा खर्च सौदा फिरवू शकतो.

कोणत्या प्रकारची बस? लांब पल्ल्याच्या बसला फरशीखाली सामानाचे कप्पे असतात. टाक्या आणि बॅटऱ्या तिथे जातात, म्हणजे जड वस्तू आपोआप खाली राहतात. या धंद्यासाठी हिच्यासारखी बस नाही, पण ती लांब, उंच असते आणि प्रत्येक गिऱ्हाईक ती चालवू शकेलच असं नाही. शहरी बस आत मोकळी आणि उंच, पण बहुतेकींचे गिअर थांबत-थांबत जाण्यासाठी जुळवलेले, त्यामुळे महामार्गावर इंजिन ओरडतं आणि बस पळत नाही. खालच्या फरशीच्या शहरी बसमध्ये चाकांचे मोठे उंचवटे खोलीच्या मधोमध येतात ते वेगळंच. अमेरिकी पद्धतीच्या शाळेच्या बसचा सांगाडा दणकट, पण उंच माणसाचं डोकं छताला लागतं, आणि छत उचलणं हे मोठं, जबाबदारीचं काम आहे. (त्या बसचा तो पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ठरला, पहाटेच्या अंधुक उजेडात लांबून दिसावा म्हणून. सेवेतून काढल्यावर तो रंग आणि लुकलुकणारे दिवे काढावेत, असा नियम तिकडच्या अनेक राज्यांत आहे. म्हणजे रंगकामाचे तास पहिल्या दिवसापासून धरायचे.) सुरुवात करणाऱ्याने मध्यम लांबीची, सुटे भाग सहज मिळणारी, एकाच मॉडेलची बस पुन्हापुन्हा घ्यावी. तिसऱ्या बसला मापं पाठ झालेली असतात, तिथेच तास वाचतात.

किलोंची वही

प्रत्येक बसच्या पाटीवर बनवणाऱ्याने तिचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, आणि पुढच्या-मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती भार चालेल तेही. आसनं, रॅक, जुनी फरशी काढून झाली की डिझेलची टाकी भरून बस वजनकाट्यावर न्यायची. समजा पाटीवर १०,००० किलो आहे आणि रिकामी बस ६,४०० भरली. आपल्याकडे ३,६०० किलो शिल्लक. ही वहीतली पहिली ओळ. यातून आता घर, पाणी, माणसं आणि त्यांचं सामान, सगळं बसवायचं आहे.

३,६०० खूप वाटतात. एक उदाहरण घेऊ. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक तुकडा साधारण ३२ किलोचा असतो. फरशी, फळ्या, कपाटं, पलंग मिळून असे ४० लागले तर १,२८० किलो गेले. जिथे चालेल तिथे १२ मिलिमीटर वापरला तर तुकडा २१ किलोवर येतो. सगळीकडे तो चालत नाही, पण अर्ध्या ठिकाणी जरी चालला तरी २०० किलोंहून जास्त वाचतात. तेवढ्यात तीन माणसं बसतात. घरात कुणी कपाटाची पाठ वजनासाठी पातळ करत नाही. इथे प्रत्येक फळीला हा प्रश्न विचारावा लागतो. दगडी ओटा, सिरॅमिक फरशी, काचेचा भलामोठा दरवाजा हे गिऱ्हाईक मागणारच. तेव्हा वाद न घालता वही त्याच्यापुढे ठेवायची.

पाण्याचा हिशोब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. ३०० लिटरची टाकी भरली की ३०० किलो. वापरलेलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं, वजन जागा बदलतं. म्हणून दोन्ही टाक्या शक्यतो एकमेकींजवळ, बसच्या मध्यरेषेवर आणि दोन एक्सलच्या दरम्यान असाव्यात. अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते, तिच्या आत आडव्या पडद्या हव्यात.

एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून काम संपत नाही. ते कुठे ठेवलंय हे तितकंच महत्त्वाचं. मागच्या एक्सलच्या मागे बसचा बराच भाग लोंबकळत असतो आणि तिथेच सगळ्यांना 'गॅरेज' हवं असतं: सायकली, जनरेटर, अवजारं. समजा दोन एक्सलमधलं अंतर ५ मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे ५०० किलो ठेवले. सी-सॉसारखं होतं. मागच्या एक्सलवर भार ५०० नव्हे, ७०० किलोने वाढतो, आणि पुढच्यावरचा २०० किलोने कमी होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगायला लागतं, ओल्या रस्त्यावर तर फारच. हेच सामान दोन एक्सलच्या मध्ये ठेवलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. डाव्या-उजव्याचंही तसंच. ओटा, फ्रिज, टाकी, बॅटरी सगळं एकाच बाजूला आलं तर बस कायमची एका अंगावर झुकते आणि त्या बाजूचे पाटे व टायर आधी जातात.

आणि उंचीचं. छतावर ४०० वॉटचे पाच सौर पॅनेल म्हणजे प्रत्येकी सुमारे २१ किलो धरून शंभरावर किलो, त्यांची चौकट वेगळी. तेच शंभर किलो फरशीखाली ठेवले तर वळणावर जाणवत नाहीत. छतावर जाणवतात. छतावर मचाण, पाण्याचा पिंप, सामानाची पेटी मागणाऱ्याला नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

याच्याच पोटातली एक गोष्ट: बसच्या भिंतीत पत्रा आणि खांब मिळून ताकद तयार होते. खिडक्या बंद करणं चालतं. पण खांब कापून मोठी खिडकी किंवा बाजूचं दार काढायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रेखाचित्र आणि सही घेतल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये. बस उलटली तर आतली माणसं त्याच खांबांवर जगतात.

वीज, गॅस आणि वाफ

गिऱ्हाइकाला वीज दिसत नाही, म्हणून तो तिच्याबद्दल सगळ्यात कमी विचारतो. आपण सगळ्यात जास्त विचार करायचा.

आधी दिवसाचं विजेचं अंदाजपत्रक मांडायचं. कुठलं उपकरण किती वॉट, किती तास. '१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास' लिहिलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास मावतात, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. आता रात्रभर एसी हवा म्हणणाऱ्याचा हिशोब करू. सरासरी ८०० वॉट, ८ तास, म्हणजे ६.४ युनिट. पाच बॅटऱ्या तळापर्यंत रिकाम्या. सकाळी त्या भरायच्या कशाने? सपाट ठेवलेला ४०० वॉटचा पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी सगळी गळती जाऊन सव्वा-दीड युनिट देतो असं धरा. पाच पॅनेलांची कमाई एकट्या एसीने खाल्ली, फ्रिज-दिवे-पंप अजून बाकी. हे गणित करार करण्याआधी कागदावर दाखवलं तर गिऱ्हाईक स्वतःच ठरवतो की एसी फक्त बाहेरच्या विजेच्या जोडणीवर चालेल. नंतर दाखवलं तर तो म्हणतो, तुम्ही फसवलंत. शिशाच्या जुन्या धाटणीच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण त्यांची निम्मीच क्षमता वापरायची असते आणि वजन दुपटीहून जास्त. किलोंची वही त्यांना नापास करते. लिथियमचीही एक अट आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, पेशी कायमच्या बिघडतात. थंड मुलुखात बस नेणारा असेल तर बॅटरी घराच्या ऊबेत ठेवा.

१२ व्होल्ट की २४? २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६७ अँपिअर ओढतो, स्वतःची गळती धरून १८० च्या वर. २४ व्होल्टवर तोच प्रवाह निम्मा होतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून त्याच तारेत ती चौथाई राहते. बहुतेक मोठ्या बस मुळात २४ व्होल्टच्याच असतात, त्यामुळे मला तरी मोठ्या बसमध्ये १२ चा हट्ट कळत नाही. दिवे-पंपासाठी छोटा कन्व्हर्टर लावता येतो. घराच्या बॅटऱ्या आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळ्या ठेवायच्या, मध्ये चार्जर. नाहीतर रात्री दिवे लावून बसलेलं कुटुंब सकाळी बस सुरूच करू शकत नाही.

फ्यूज उपकरण वाचवायला असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. तो तार वाचवतो. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेचं रक्षण कोणीच करत नाही. लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण, क्रिम्प करायला (दाबून बसवायला) योग्य दाबाचं यंत्र हवं. पक्कड मारून दाबलेला लग आज घट्ट वाटतो, सहा महिने हादरे खाऊन सैल होतो, सैल सांधा तापतो, आणि शेजारी प्लायवूड असतं. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी बूच हवं. बाहेरच्या विजेची जोडणी देत असाल तर गळती ओळखून तोडणारा ब्रेकर आणि चासीचं अर्थिंग अनिवार्य, कारण सगळी बस धातूची आहे आणि पायरीवर उभा असलेला माणूस ओल्या जमिनीवर असतो.

गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन दीडपट, ब्यूटेन दुपटीच्या आसपास. गळला तर तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, पाण्यासारखा फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा घरापासून बंद आणि तळाला बाहेर उघडणारा असतो, त्याला भोक वर पाडून उपयोग नाही. गॅसकाम आपल्या देशात ज्याला परवाना असेल त्याच्याकडूनच करून घ्या आणि दाबाच्या चाचणीचा कागद ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म, धुराचा अलार्म, गॅसचा अलार्म जमिनीलगत, अग्निशामक नळकांडं दाराशी, आणि झोपायच्या जागेजवळ बाहेर पडायची दुसरी वाट. पलंग बसवताना मागचं संकटकालीन दार झाकलं जाणं ही नेहमीची आणि भयंकर चूक आहे. पडदे, गाद्यांचा फोम, भिंतींचं आवरण यांचा ज्वलनाचा दाखला मागायचा. अमेरिकेच्या नियमात गाडीच्या आतल्या साहित्यावर आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकू नये असं बंधन आहे, यावरून हा विषय किती बारकाईने पाहिला जातो ते कळेल.

आता वाफ. हिला कुणी धंद्याचा शत्रू मानत नाही, पण दोन वर्षांनी येणाऱ्या तक्रारींत तिचा हात मोठा असतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. शिवाय झोपलेली माणसं रात्रभर श्वासातून ओलावा सोडतात. ही वाफ बसच्या पोलादी खांबांवर जाऊन थंड होते. पोलाद फोमच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे खांबांच्या मधल्या जागेत कितीही छान फोम भरला आणि खांब उघडा ठेवला तर थंडी आणि ऊन दोन्ही त्या खांबातून आत येतात. तिथे पाणी जमतं, भिंतीच्या आत झिरपतं आणि आपण घासून रंगवलेल्या पत्र्याला आतून गंज चढतो. उपाय असा: गंज काढून प्रायमर, खांबांवरूनही सलग जाणारा इन्सुलेशनचा पातळ थर, आणि हवा खेळती. खालून हवा आत यायची जागा आणि छतात बाहेर फेकणारा पंखा. इन्सुलेशन जाड करा, पण श्वास बंद करू नका.

हादऱ्यांबद्दल थोडक्यात. धावत्या घरात नुसता खिळा टिकत नाही. स्क्रूबरोबर लवचीक पॉलियुरेथेन गोंद, नट नायलॉनच्या कड्याचे, पाण्याचे पाइप लवचीक, प्रत्येक ड्रॉवरला कडी, आणि फ्रिज व बॅटऱ्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधलेल्या.

कागद

हा भाग प्रत्येक देशात वेगळा आहे, म्हणून एकच नियम सांगतो: बस विकत घेण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा एजंटकडे जा. प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली बस मोटरहोम म्हणून पुन्हा नोंदवायला काय लागतं, ते लेखी घ्या. कुठे आत पक्का पलंग, स्वयंपाकाची सोय, बसायची जागा आणि साठवणीची कपाटं पाहतात. कुठे बाहेरून बस घरासारखी दिसते का हेही पाहतात. युरोपीय संघात कारच्या साध्या परवान्याची सर्वसाधारण मर्यादा ३,५०० किलोंची आहे, म्हणजे मोठी बस मागणाऱ्याकडे ती चालवायचा परवाना आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं. काही शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना प्रवेश नाही किंवा शुल्क आहे. आणि प्रवासात माणसं बसणार असतील तर तेवढीच आसनं, मूळ किंवा प्रमाणित बैठकीवर, सीटबेल्टच्या पट्ट्यांसह, शक्यतो पुढे तोंड करून. सोफ्याच्या प्लायवूडला पट्टा बोल्ट करून दिला तर तो अपघातात पट्ट्यासकट उपटतो. हे काम गिऱ्हाईक गयावया करत असला तरी करायचं नाही.

तासांची वही

मोठ्या बसचं पूर्ण काम म्हणजे हजाराच्या घरातले मनुष्यतास. पहिल्या बसला अंदाजाच्या दीडपट-दुप्पट लागतील असं धरूनच चाला. कारण आपण मोजतो ते दिसणारे तास: फरशी, भिंत, ओटा. आसनांचे गंजलेले बोल्ट कापण्यात गेलेले दोन दिवस, चुकीच्या मापाच्या खिडकीसाठी मारलेल्या खेपा, गिऱ्हाइकाचे फोन, झाडलोट, एकदा लावून परत काढलेली फळी, हे मोजत नाही. वही याच तासांसाठी ठेवायची. रोज संध्याकाळी, कुणी, कुठल्या कामावर, किती. कंटाळवाणं आहे, पण तीन बसनंतर आपल्या हातात स्वतःचं दरपत्रक असतं आणि ते बाजारात विकत मिळत नाही.

तास किती घातक असतात ते पाहा. समजा ठरलेल्या किमतीत निम्मा भाग मजुरीचा आहे आणि आपण १५ टक्के नफा धरलाय. मजुरीचे तास ३० टक्क्यांनी वाढले की नफा शून्य. १,००० तासांचं काम १,३०० झालं, एवढंच. बाहेरून काही बिघडलेलं दिसत नाही, बस सुंदर झालेली असते, गिऱ्हाईक खूश असतो, आणि वर्षभर राबून वर्कशॉपला काही उरलेलं नसतं. चांगले कारागीर या धंद्यातून बाहेर पडतात ते बहुतेक असे.

तास वाढतात ते 'जाता जाता एवढं करा ना' या वाक्याने. इथे एक दिवा, तिथे एक कप्पा. मी यावर एकच उपाय मानतो. प्रत्येक बदलाची एक चिठ्ठी, तिच्यावर तीन आकडे: पैसे, किलो, तास. गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय काम नाही. छतावरच्या मचाणाची चिठ्ठी '९० किलो, ४० तास' अशी समोर आली की निम्मे बदल तिथेच गळतात, आणि कुणाचं मन दुखत नाही, कारण नकार आपण देत नाही, आकडे देतात.

जागा हाही तासांचाच भाग आहे. १०-१२ मीटरची बस आत घेतली की दुसरी आत येत नाही. फ्रिज अडकलाय म्हणून तीन आठवडे उभी राहिलेली बस तीन आठवड्यांचं भाडं खाते. म्हणून खिडक्या, बॅटऱ्या, फ्रिज, टाक्या यांची मागणी आसनं काढायच्या आधी नोंदवायची. माल हातात आल्यावरच बस आत.

सुरुवात कशाने करावी? पूर्ण बस अंगावर घेऊन करू नये, असं माझं ठाम मत आहे. गावोगावी अर्धवट राहिलेल्या बस असतात. मालकाने फरशी-भिंती केल्या, वायरिंगपाशी घाबरून थांबला. अशांची फक्त वीज, फक्त इन्सुलेशन, फक्त पाणी, अशी सुटी कामं घ्या. पंधरवड्यात पैसे मोकळे, हात बसतो, आणि दुसऱ्यांच्या चुका फुकट शिकायला मिळतात. त्यातून उरलेल्या पैशातून एक स्वतःची बस करा आणि ती भाड्याने द्या. दोन रात्री तिच्यात राहिलेल्या माणसाला काय हवं ते नेमकं कळलेलं असतं, आणि काय मोडतं ते आपल्याला कळतं. बांधून ठेवून विकायचं धाडस हे भांडवल पचवू शकणाऱ्यानेच करावं, कारण न विकलेली बस जागा आणि पैसा दोन्ही धरून बसते.

पैसे हप्त्यांनी घ्यायचे, पण तारखेला बांधून नव्हे, टप्प्याला बांधून. बयाणा, मग गंजकाम होऊन सांगाडा तयार झाल्यावर, मग वायरिंग आणि पाइप घालून भिंती बंद करायच्या आधी, मग लाकूडकाम, शेवटचा हप्ता वजन आणि चाचणीनंतर. तिसऱ्या टप्प्याला गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलवा. भिंतीआड जाणारं सगळं त्याला दाखवा, मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. करारात स्पष्ट लिहा की हमी आपल्या कामाची आहे. गिऱ्हाइकाने आणलेल्या बसच्या इंजिन-गिअरबॉक्सची नाही. आणि वर्कशॉपचा विमा दोन प्रकारचा हवा: बस आपल्या ताब्यात असताना तिचं काही झालं तर, आणि दिल्यानंतर आपल्या कामामुळे कुणाचं काही झालं तर.

बस तयार झाली की ती लगेच देऊ नका. टाक्या भरा, बॅटऱ्या भरा, कपाटांत सामानाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा आणि खराब रस्त्यासकट पाचशे किलोमीटर फिरवा. परत आल्यावर प्रत्येक सांधा हाताने तपासा, लग तापलेत का पाहा, टॉर्च घेऊन ओट्याखाली झोपा. मग वजनकाटा. आधी पुढचा एक्सल, मग मागचा, मग जमलं तर डावी-उजवी बाजू वेगळी. या पावत्या, वायरिंगचा नकाशा, भिंतींचे फोटो, उपकरणांचे क्रमांक आणि बदलांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये घालून ती बसच्या चालकाशेजारच्या कप्प्यात ठेवायची. हजार किलोमीटरनंतर बस एकदा परत बोलवायची, नट आवळायला, मोफत. त्या दिवसाचे सहा तास पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेले असतात.